पाळणे झाले, घर झालं

बोईसरला पाळणाघर कसं निघालं ते ऐका, पण आधी कप खाली ठेवा. तारापूरच्या बांधकामावर खडी वाहणाऱ्या जानीचं रांगतं पोर ट्रकखाली येता येता वाचलं. पोराला घेऊन ती घरी बसली तर चूल बंद. म्हणून मी गावातल्या मंडळाकडे पाळणाघर मागितलं. मंडळाचे अध्यक्ष आमचेच अप्पाकाका. त्यांनी खोली बांधली, आत सागवानी पाळणे टांगले आणि नारळ फोडून घेतला.

जानी दारातूनच म्हणाली, "पालना हाय, घर हाय. पन पोराला बघील कोन?"

"बघायला आमचं मंडळ आहे ना! दर रविवारी येऊन बघून जाऊ."

"काका, सांभाळायला बाई नेमावी लागते," मी म्हटलं.

"बी.ए. झालीस म्हणून आम्हाला शिकवू नकोस."

जानीने पोर पाठीला बांधलं आणि ती खडीवर गेली.

रविवारी मंडळ पाहणीला आलं. पाळणे कोरे करकरीत, खोलीत चिटपाखरू नाही. अप्पाकाका छाती फुगवून मला म्हणाले, "बघितलंस? एक तरी पोर रडतंय का?"