दारापासून खाटेपर्यंत चौदा फरश्या

...आणि वर तोच मला म्हणतो, "साहेब, दात बघा, दात!" आता फरशीत कोणी दात बघतं का? पण तुम्हाला सांगतो, मी वाकून बघितले. दिसले! माझेच दात, खालून माझ्याकडे बघतायत, दाढेत भरलेल्या चांदीसकट. आणि तो पॉलिशवाला कमरेवर हात ठेवून उभा, मी आता त्याची पाठ थोपटणार अशा थाटात. मी कसला थोपटतोय... मी भिंत धरून उभा होतो. माझ्याच घरात, माझ्याच बाहेरच्या खोलीत, भिंत धरून!

म्हणजे मी काही भित्रा नाही हं. लोक म्हणतात. बायको म्हणते, ऑफिसातले म्हणतात, आमची आत्या तर मला लहानपणापासून ससुल्याच म्हणते. चोपन्न वर्षांचा झालो, पोट सुटलं, तरी चारचौघांत ससुल्या. पण मी घाबरत नाही हो. मला आपलं पुढचं दिसतं. एवढंच. इतरांना फरशी दिसते, मला त्या फरशीवर आडवी झालेली आत्या दिसते. यात भित्रेपणा कुठे आला?

थांबा, आत्याचं आधी सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल, हा नुसता फरशीवरून रडतोय. आत्या म्हणजे वडिलांची मोठी बहीण. मी सहा वर्षांचा असताना आई गेली आणि वडिलांनी मला तिच्या पदरात टाकलं. तिनं लग्न केलं नाही. एका इस्पितळात फरश्या पुसायच्या कामाला होती, एकतीस वर्षं. आता अठ्ठ्याहत्तरची आहे आणि दोन गल्ल्या सोडून एकटी राहत होती. का, तर तुझ्याकडे राहिले तर तू मला स्टुलावर चढू देणार नाहीस. खरं आहे. नसतंच दिलं.

रोज सकाळी साडेसातला मी तिला फोन करायचो. त्या मंगळवारी उचलला नाही. बायको म्हणाली, आंघोळीला गेल्या असतील. मी म्हटलं, असतील, आणि तेवढ्यात मी रस्त्यावर होतो, एका पायात माझी चप्पल, दुसऱ्या पायात बायकोची. किल्ली माझ्याकडे होती. दार उघडलं तर ही स्वयंपाकघरात, खाली. पाय असा बाहेरच्या बाजूला वळलेला, जसा पाय वळत नाही तसा. पहाटे साडेपाचपासून तशीच पडून होती. आणि मला बघितल्यावर पहिलं काय म्हणावं? "सांभाळून ये, तिकडे दूध सांडलंय."

तुम्हाला सांगतो, मी आयुष्यभर पुढचं बघत आलो... पण ते समोरचं बघवलं नाही मला.

खुबा मोडला होता. ऑपरेशन झालं, झकास झालं असं सगळे म्हणाले. पण डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की यांना आता तोल सावरायला वेळ लागेल, आणि पुन्हा पडल्या तर मात्र मी काही सांगू शकत नाही. काही सांगू शकत नाही! अहो, डॉक्टरांनी काही सांगितलं की मला घाम फुटतो, आणि काही सांगू शकत नाही म्हटल्यावर माझं काय झालं असेल?

तर आत्या आमच्याकडे येणार हे ठरलं. तळमजल्यावर घर, दाराशी फक्त तीन पायऱ्या, सगळं सोयीचं. बाहेरच्या खोलीत खाट टाकली. आणि बायकोनं फरशीकडे बघितलं. आमची फरशी मोझॅकची, तीस वर्षांची, पार काळवंडलेली, बारीक बारीक खड्डे पडलेली, त्यात मळ बसलेला. बायको म्हणाली, आत्यांनी आयुष्यभर लोकांच्या फरश्या लख्ख केल्या, त्या आजारातून उठून या असल्या फरशीवर पाय ठेवणार का? शिवाय जखम ताजी, घर स्वच्छ हवं. आता यात वाकडं काय होतं? काही नाही. तिच्या मनात आत्याचं चांगलंच होतं. मीसुद्धा हो म्हणालो. आता पॉलिशवाल्याला शिव्या देतोय, पण हो मीच म्हणालो.

पॉलिशवाला आला तो मशीन घेऊन. म्हणजे लोखंडाचं धूड, खाली गरगर फिरणारे दगड, वर दोन दांडे, आणि आवाज असा की कपाटातल्या कपबशा आपोआप जागा बदलत होत्या. पाणी ओतायचं, मशीन फिरवायचं, करडा चिखल तयार होतो तो ढकलायचा, पुन्हा दगड बदलायचा. दोन दिवस हेच. आणि बावीस वर्षं त्या मशीनमागे उभा राहून त्या माणसाचे कान गेलेले. हे मला कधी कळलं? दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, फरशी चमकायला लागली तेव्हा! मी दारातून ओरडलो, "अहो, लोक घसरतील!" तो म्हणाला, "घासतोय, घासतोय!" मी पुन्हा ओरडलो, "घसरतील म्हणतोय मी!" तो म्हणाला, "हो हो, अजून घासतो!" आणि त्यानं खरंच अजून घासलं. मग डब्यातून मेण काढलं, ते पसरलं, त्यावर फडकं फिरवलं, आणि मग ते दात!

तो गेला. बायको एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेली, वळली, परत आली. तिला काही झालं नाही. मी एक पाऊल टाकलं आणि पुढची तीन न टाकताच पडली. थेट खाटेवर जाऊन बसलो. बसायचं नव्हतं मला. बायको म्हणाली, तुम्ही चालता कसे पण? आता चोपन्नाव्या वर्षी कसं चालायचं ते शिकू का मी?

आणि खरी गोष्ट पुढे आहे... ही मी कोणाला सांगितली नव्हती. आत्या यायच्या आदल्या दिवशी दुपारी इस्पितळातून फोन आला. आत्याचे व्यायाम करून घेणारी मुलगी होती, फार गोड बोलायची. तिनं विचारलं, काका, खाटेची उंची किती, संडासात धरायला दांडी लावली का, उजेड आहे का. मी सगळ्याला हो हो म्हणत गेलो. मग म्हणाली, आणि फरशी घसरडी नाही ना? आणि मी... नाही म्हणालो. म्हणजे काय करणार? घसरडी आहे म्हटलं असतं तर तिनं आत्याला तिथेच ठेवून घेतलं असतं, आणि आत्या तर रोज सकाळपासून पिशवी भरून बसत होती. बायको शेजारी भाजी निवडत होती, फरशीकडे किती कौतुकानं बघत होती. मी नाही म्हणालो, फोन ठेवला, आणि तो नीट बंद झालाय का ते तीनदा बघितलं. मी घाबरलो नव्हतो. मला आपलं पुढचं दिसत होतं. आता आत्या पडली असती तर ती फरशीमुळे पडली नसती. माझ्या त्या एका 'नाही'मुळे पडली असती.

मग बायको बाजारात गेली तशी मी कामाला लागलो. घरातल्या झाडून सगळ्या सतरंज्या अंथरल्या. पहिल्याच सतरंजीवर पाय ठेवला तर सतरंजी निघाली, मला घेऊन! दाराला धडकून थांबलो. सतरंज्या गुंडाळल्या. मग आत्यासाठी आणलेला वॉकर काढला, तो चार पायांचा, दोन्ही हातांनी धरून चालायचा असतो ना, तो. त्याच्या दांड्यावर रद्दीचा गठ्ठा बांधला, आत्याचं वजन म्हणून. आणि हळूच ढकलला. तुम्हाला सांगतो, तो वॉकर इतका अलगद निघून गेला... वर्तमानपत्रं कुठे, वॉकर कुठे. मी तिथेच खाली बसलो आणि त्या रद्दीकडे बघत राहिलो. बायको आली तेव्हा तिनं विचारलं, काय झालं. मी म्हटलं, रद्दी काढतोय.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता गाडी आली. दोन माणसांनी आत्याला खुर्चीसकट तीन पायऱ्या चढवून दाराशी आणून ठेवलं आणि ते गेले. आत्या नऊ दिवसांत अर्धी झाली होती. पण डोळे तेच. वॉकर धरून उभी राहिली, उंबऱ्यापाशी आली, आत बघितलं. आणि थांबली.

मी आत उभा, हात पुढे करून, गोलरक्षक उभा असतो तसा. बायको हसत होती, आत्या आता काही तरी चांगलं बोलणार म्हणून. फरशीत खिडकी उलटी दिसत होती, पंखा दिसत होता, मी उलटा दिसत होतो. आत्यानं विचारलं, पाणी सांडलंय का रे आत? मी म्हटलं, नाही आत्या, पॉलिश केलंय. तिनं वॉकरचा एक पाय आत टेकवला, जरासा दाबला. तो सरकला. बोटभरच सरकला. तिनं तो उचलून परत बाहेर घेतला, मागे सरकत जाऊन खुर्चीत बसली, आणि म्हणाली, "ससुल्या, मला भीती वाटते."

आता तुम्हाला कसं सांगू... या बाईनं एकतीस वर्षं इस्पितळात काय काय पुसलंय. शवागाराच्या बाहेरची फरशी एकटी पुसायची. मला ताप आला की रात्रपाळी करून येऊन दिवसा उशाशी बसायची. मी अंधाराला भ्यायचो, पावसाला भ्यायचो, गणिताच्या मास्तरांना भ्यायचो, आणि प्रत्येक वेळी मला वाटायचं, असू दे, आत्याला कशाची भीती वाटत नाही ना, मग आपलं भागतं. अठ्ठेचाळीस वर्षं माझं त्यावरच भागलं होतं हो. आणि ती उंबऱ्याबाहेर खुर्चीत बसून मला म्हणते, मला भीती वाटते.

मी बाहेर गेलो. भिंत धरत धरत, पण गेलो. तिच्यासमोर पायरीवर बसलो आणि म्हणालो, "मलाही वाटते. आणि त्या मुलीला मी खोटं सांगितलं, फरशी घसरडी नाही म्हणून."

बायकोचं हसू गेलं. रागावेल असं वाटलं, पण ती एवढंच म्हणाली, "मला तरी सांगायचंत." आणि पदर खोचला.

आणि आत्याचा चेहराच बदलला. कामावरच्यासारखा झाला. म्हणाली, मेण लावलंय ना? मग कढत पाणी आण, त्यात धुण्याचा सोडा टाक, ताठ ब्रश घे आणि दारापासून सुरुवात कर. मी विचारलं, सगळी खोली? म्हणाली, सगळी कशाला, मी काय नाचायला आलेय? दारापासून खाटेपर्यंत, वॉकर मावेल एवढी.

मोजलं. लांबीला चौदा फरश्या, रुंदीला तीन. आणि आम्ही दोघं गुडघ्यांवर! परवा ज्या चमकेसाठी घर डोक्यावर घेतलं, तीच चमक आम्ही स्वतःच्या हातांनी खरवडून काढत होतो. आत्या उंबऱ्याबाहेर खुर्चीत, मांडीवर पिशवी, आणि तोंडानं काम चालू. कोपरा राहिला. पाणी गार झालं, बदल. ओलं ठेवू नका, कोरडं करा, मग पुढे. वरचे काका भाजीची पिशवी घेऊन आले, जिन्याला जायला वाट नाही, तर तेही उभे राहिले, आणि थोड्या वेळानं तेसुद्धा सांगायला लागले, तिकडे राहिलं बरं का! दर फरशी पुसून झाली की मी तिच्यावर टाच घासून बघायचो. एकदा नव्हे, तीनदा. बायको म्हणाली, झाली हो ती. मी म्हटलं, मला आपलं पुढचं दिसतंय. ती म्हणाली, मग पुढची घासा.

दीड वाजला. मधोमध एक मंद पट्टा उमटला, जशी शेतातून पायवाट जावी तसा. आत्या उठली. वॉकर आत टेकवला, दाबला. सरकला नाही. मी तिच्यामागे, दोन्ही हात तिच्या कमरेपाशी धरून. एक फरशी. दोन. तिसऱ्या फरशीवर ती थांबली, मागे न बघता म्हणाली, "हात काढ. तुझे हात थरथरतात, मग मी थरथरते."

काढले.

तुम्हाला सांगतो, मी आयुष्यात अवघड असं जे काही केलं असेल ते एवढंच, की हात काढले आणि खिशात घातले. चार, पाच, सहा... बायकोनं तोंडावर पदर धरलेला, दारात वरचे काका पिशवी धरून फरश्या मोजतायत. नवव्या फरशीवर तिचा पाय जरासा लटपटला. मी डोळे मिटले. उघडले तर ती दहाव्यावर! चौदावी ओलांडून ती खाटेवर टेकली, पदरानं कपाळ पुसलं आणि म्हणाली, फरशी बाकी चांगली केलीय हं. बायको तिथेच खाली बसली आणि रडायला लागली. मी रडलो नाही. मी फोन लावला, त्या व्यायामवाल्या मुलीला, आणि सगळं खरं सांगून टाकलं. ती काका, काका म्हणत बरंच बोलली. ऐकून घेतलं.

याला आता चार महिने झाले. संडासापर्यंतच्या नऊ फरश्याही घासल्या आम्ही. बाकीची खोली अजून तशीच लख्ख आहे, आणि मधून हा पट्टा. लोक विचारतात, हे काय डिझाइन आहे का? आम्ही हो म्हणतो. आत्याचा वॉकर सुटला, काठी सुटली, पाय असा बरा झाला की ती आता अनवाणी सरळ चकचकीत भागावरून तिरकी जाते, कारण तो रस्ता जवळचा पडतो म्हणे. बायकोही तशीच जाते. पट्ट्यावरून चालतो तो मी एकटा. काल सकाळी असाच मधोमध उभा होतो, चहाचा कप हातात, पुढचं पाऊल टाकू की नको अशा विचारात, तर मागून आत्या आली. म्हणाली, "चल ना रे, माझ्यासाठी केलेला रस्ता अडवून काय उभा राहतोस?" मी बाजूला होणार तरी कुठे, दोन्हीकडे चमक! मग तिनंच माझा हात धरला, आणि चौदाच्या चौदा फरश्या मला खाटेपर्यंत नेऊन सोडलं.