इसालेचं वाळलेलं पान

अनाएली : काय रे दादा, नाडी पुन्हा सुटली?

कुंडाएली : सुटली.

अनाएली : मगाशी डाव्या बुटाची सुटली, त्याच्याआधी उजव्या. ही आता कुठल्या बुटाची? तिसरा पाय फुटलाय का तुला?

कुंडाएली : तू तुझी भांडी सांभाळ. स्वयंपाक्यानं गाईडच्या पायाकडे बघू नये.

अनाएली : नाही बघत. पण पाहुणे खोळंबलेत. त्यांना वाटतंय, तू त्यांना पक्षी दाखवायला बसलायस. त्या डॅनिश बाईंनी फोटो काढून काढून कावळ्याला लाजवलं.

कुंडाएली : काढू दे की. कावळासुद्धा... किलिमांजारोचाच आहे.

अनाएली : मध्येच थांबलास.

कुंडाएली : विचार करत होतो.

अनाएली : ती सवय कधीपासून लागली? आणि खोकतोस का एवढा?

कुंडाएली : तुझ्या चुलीचा धूर.

अनाएली : गॅसवर रांधतो मी.

कुंडाएली : मग गॅसचा धूर. तुझ्या हातात काहीही दिलं तरी त्याचा धूर होतो. अन् जास्त बोलू नकोस माझ्याशी. डोंगराच्या पायथ्याच्या गेटच्या वर कामापुरतं बोलायचं, गेटच्या खाली तू कोण नि मी कोण. ठरलंय आपलं.

अनाएली : ठरलंय कसलं, तू ठरवलंस. मी आपला पाळतोय. घरी तुझी केळी माझ्या केळींना खांदा लावून उभ्या आहेत, आणि आपण एकमेकांची तोंडं बघायला डोंगरावर येतो.

आयका : झालं का तुमचं, काका? वरपर्यंत ऐकू येतंय. पाहुणे विचारतात, हे दोघं कुठलं गाणं म्हणतायत?

अनाएली : सांग त्यांना, घरगुती आहे. आयका, तुझ्या बापाच्या बुटाला आज शंभर नाड्या आहेत बघ.

आयका : मी बघतेच आहे सकाळपासून. बाबा, पाहुण्यांना वरच्या सपाटीवर बसवलंय, पाणी दिलंय. आता जरा इकडे तोंड करा. ओठ बघू.

कुंडाएली : ओठ काय बघतेस? लग्न ठरवायचंय माझं?

आयका : निळे पडलेत.

कुंडाएली : थंडी आहे.

आयका : पाहुणे नुसत्या सदऱ्यात बसलेत, बाबा.

कुंडाएली : ते बर्फातलेच लोक. त्यांना... काय कळतंय थंडी.

अनाएली : रात्री मी उठून सामानाच्या तंबूत जाऊन आलो. म्हटलं, म्टोरीचं पातेलं चुलीवरच राहिलं की काय, केळी रटरटतायत नुसती. बघतो तर गॅस बंद, पातेलं घासलेलं. तुझी छाती रटरटत होती.

कुंडाएली : घोरतो मी. बायकोला विचार.

अनाएली : वहिनीनंच सांगितलंय. निघायच्या आधी दोन रात्री बसून काढल्यास म्हणून. उशी भिंतीला लावून.

कुंडाएली : तुझ्याशी बोलते ती?

अनाएली : कुंपणावरून. त्या बोलत नाहीत, मोठ्यांदा स्वतःशी बोलतात. मी ऐकतो.

आयका : बाबा, सकाळी तुम्ही चहाच्या वेळी काय म्हणालात, आठवतंय?

कुंडाएली : साखर कमी आहे म्हणालो.

आयका : त्याच्यानंतर.

कुंडाएली : चला म्हणालो. रोजच म्हणतो.

आयका : सिफाएलीला आधी चहा द्या, म्हणालात. त्याला ओझं घेऊन पुढं जायचंय, म्हणालात.

कुंडाएली : ...तसं म्हणालो?

अनाएली : मी कप भरून उभा राहिलो, दादा. क्षणभर मलाही वाटलं, येईल तंबूतून डोकं खाजवत. आपला मधला भाऊ तो, मला दाढी आली नव्हती तेव्हापासून चर्चमागे पुरलेला आहे.

कुंडाएली : झोपेत असेन. माणूस झोपेत... काहीही बोलतो.

आयका : ठीक आहे. मग हे सोपं आहे. ही काठीनं रेघ ओढली. टाचेला चवडा लावत या टोकापासून त्या टोकापर्यंत. तुम्हीच शिकवलंय मला. जो रेघेवरून ढळला त्याला उंची बाधली, तो त्याच दिवशी खाली, राजा असो की राजाचा जावई.

कुंडाएली : मला परीक्षा? मी पाहुण्यांना चालवतो त्या रेघेवरून.

आयका : म्हणूनच तुम्हाला येत असेल छान.

अनाएली : चल दादा. दिवसभर मुळांना लोंबकळत चढवतोस लोकांना, एक रेघ काय जड आहे?

कुंडाएली : बाजूला व्हा. ...हे बघ. ...हे एक... हे... रेघ वाकडी काढलीस तू.

आयका : रेघ सरळ आहे.

कुंडाएली : जमीन वाकडी आहे.

अनाएली : बरोबर. किलिमांजारोच जरा कलंडलाय आज. धर, धर त्याला, आयका! ...बस. बस इथं मुळावर. सगळ्यात उभ्या वाटेनं आलास ना मुद्दाम! बाकीचे गाईड सोप्या वाटेनं जातात, तिथं निदान पडायला जागा तरी असते.

कुंडाएली : मी कधी... अर्ध्या वाटेतून खाली गेलो नाही.

अनाएली : ठाऊक आहे. सगळ्या गावाला ठाऊक आहे. केळ्याच्या दारूचा, म्बेगेचा पहिला भोपळा रिकामा व्हायच्या आत तू सांगतोसच.

कुंडाएली : दुसऱ्यांना खाली धाडलं. ओझेवाल्यांना, पाहुण्यांना, एकदा एका सेनापतीला. मला कुणी... नाही धाडलं. आणि आता गेटवर ते सगळे बसलेले असतील, शेंगा खात. बघतील.

अनाएली : बघू देत. त्यांना तरी दुसरं काय काम आहे?

कुंडाएली : वरच्या तळावर पोचू. तिथं बघू.

आयका : तिथून तुम्हाला चालत उतरता येणार नाही, बाबा. तिथून तुम्हाला पाठीवर बांधून आणायला लागेल, या मुळांवरून. तेवढा वेळ छाती देईल तुम्हाला? पाहुण्यांना तुम्ही हे कसं सांगता? मऊ आवाजात, हात हातात घेऊन. तुम्हाला मऊ आवाज चालत नाही म्हणून सरळ सांगते, मराल.

कुंडाएली : आणि गटाला कोण नेणार? तू?

आयका : नाही, तो कावळा नेईल.

कुंडाएली : त्या भिंतीसारख्या कड्यावर... ते लोक...

आयका : मागच्या वेळी तुम्ही दाढदुखीनं तंबूत पडला होतात तेव्हा त्या कड्यावरून लोक कुणी नेले? दाढेनं?

कुंडाएली : मी उतरणार नाही. बोलणं संपलं.

अनाएली : बरं. आयका, माझी ती मिठाची पिशवी दे इकडे. ती नाही, खालची. फडक्यात बांधलेली.

कुंडाएली : मीठ कशाला आता?

अनाएली : तुझ्या जखमेवर. हात पुढं कर. दोन्ही.

कुंडाएली : हे काय?

अनाएली : बघ की. डोळे तरी चालतात ना?

आयका : काका... हे इसाले आहे.

कुंडाएली : ठेव ते. आत ठेव आधी.

अनाएली : नाही ठेवत. हातावर ठेवलंय तुझ्या. आपल्या बापाच्या मातीला, सगळ्या गावासमोर मी तुला चोर म्हणालो. इसाले देऊन माफी मागतो. आणि आयकाच्या देखत मागणं मागतो, खाली चल.

कुंडाएली : हा डाव आहे.

अनाएली : आहेच.

कुंडाएली : इसाले नाकारता येत नाही म्हणून तू...

अनाएली : म्हणूनच. नुसतं नाही म्हणून बघ. तुझ्या दारात म्बेगे प्यायला माशीसुद्धा यायची नाही. पुढच्या जन्मापर्यंत एकटा पीत बस.

कुंडाएली : थांब. हे पान वाळलंय. वाळलेलं इसाले चालत नाही. ताजं लागतं, हिरवं. मोठ्यांना विचार.

आयका : बाबा, तुम्हीही वाळलेलेच आहात. आम्ही मान देतोच ना?

कुंडाएली : तू गप्प. वाळलं कसं हे? कालचं असतं तर हिरवं राहिलं असतं.

अनाएली : कालचं नाही ते.

कुंडाएली : मग?

अनाएली : मागल्या पावसाळ्याच्या आधी तोडलंय. दर खेपेला पिशवीत घालून वर आणतो, आणि दर खेपेला परत नेतो. तू कधी एकटा सापडत नाहीस, आणि सापडलास की काहीतरी असं बोलतोस की वाटतं, याला पान नको, काठी द्यावी.

कुंडाएली : कुठल्या झाडाचं आहे?

अनाएली : कुंपणाच्या.

कुंडाएली : कुठल्या कुंपणाच्या?

अनाएली : अख्ख्या गावात आपल्या भांडणाचं एकच कुंपण आहे.

कुंडाएली : म्हणजे माझ्या झाडाचं पान चोरून माझीच माफी मागतोस? आणि चोर मी?

अनाएली : तो शब्द मागे घेतला म्हणालो ना आत्ता! कुंपण नाही मागे घेतलेलं. ते तू हातभर माझ्या केळीत सरकवलंस, ते तू मागे घे.

कुंडाएली : मी सरकवलं नाही. झाडं वाढतात.

अनाएली : रांगेनं? एकाच बाजूला?

आयका : काका, बाबा, हे खाली जाऊन. पाहुणे बसून बसून मुळं धरतील. बाबा, ही शिट्टी आणि सामानाच्या थैलीची किल्ली माझ्याकडे द्या.

कुंडाएली : ...घे. त्या म्हाताऱ्या पाहुण्याचा उजवा गुडघा...

आयका : ठाऊक आहे.

कुंडाएली : आणि कड्यावर घाई करू नकोस. पोले पोले.

आयका : बाबा, तुम्ही आणि पोले पोले! उतरताना तेवढं स्वतःला सांगा. काका, यांना पुढं घाला, तुम्ही मागे राहा. खोकले की थांबा. ओठ बघत राहा.

अनाएली : आणि स्वयंपाक?

आयका : मी करते.

अनाएली : बिचारे पाहुणे. शिखर गाठतील, पण त्याच्या आधी तुझी उगाली गाठायची.

(दुपार कलंडली आहे. तीच वाट, उतरती. आता झाडं उंच आणि हवा दाट. दोघंच.)

अनाएली : ओठ बघू.

कुंडाएली : मघाशीच बघितलेस. किती वेळा बघशील? बायकोनंही एवढे बघितले नाहीत.

अनाएली : जरा रंग आलाय. अख्खं वाक्य एका दमात बोललास.

कुंडाएली : वाक्य छोटं होतं.

अनाएली : मोठं बोलून बघ.

कुंडाएली : तुझी पोरं त्या कुंपणाच्या झाडाखाली शेळी बांधतात आणि ती शेळी सगळे शेंडे खाते म्हणून झाडं तुझ्या बाजूला बुटकी आणि माझ्या बाजूला उंच वाढतात नि तुला वाटतं मी सरकवली.

अनाएली : छान. बराच सुधारलायस. घरी नको जायला, डॉक्टरकडे सोडतो सरळ, असं बोलणाऱ्याला घरी न्यायला मला भीती वाटते.

कुंडाएली : डॉक्टरकडेच ने. आणि आयकाच्या आईला तू सांग. मी सांगितलं तर ओरडेल.

अनाएली : मी कुंपणावरून सांगेन.

कुंडाएली : दारातून सांग.

अनाएली : ...दारातून?

कुंडाएली : दार कुठं आहे ते आठवत नसेल तर दाखवतो. ते पान कुठं आहे?

अनाएली : तुझ्याच खिशात. मघाशी घातलंस, मी बघितलं. बघितल्याचं दाखवलं नाही.

कुंडाएली : चुरगळलं नाही ना?

अनाएली : वाळलेलं चालत नाही म्हणत होतास.

कुंडाएली : चालवून घेतलं. आयका पोचली असेल तळावर?

अनाएली : पोचली असेल. पाहुण्यांना रेघेवरून चालवत असेल.

कुंडाएली : रेघ सरळ काढते ती.

अनाएली : हे तिला सांगशील?

कुंडाएली : वेडा आहेस का? ...हळू उतर, माझी पिशवी आपटू नकोस.

अनाएली : तुझ्या पिशवीत दगड भरलेत का रे? बरं, दादा, ऐक. गेट आलं की आपलं बोलणं बंद, त्याच्या आत एक विचारून घेतो. शेंगा खाणाऱ्यांना काय सांगायचं?

कुंडाएली : ते बसले होते. मी मान हलवली.

अनाएली : म्हणजे? कधी?

कुंडाएली : गेट मघाशीच मागे पडलं रे.