तीनदा आमेन

आमच्या मोहल्ल्यातल्या चर्चमधली गंमत सांगितली का तुम्हाला? यंदा नाताळच्या गाण्यांना पियानोसोबत पहिल्यांदाच तबला होता, आणि वाजवणारा मी, अधारताल मोहल्ल्याच्या भजनी मंडळातला तबलजी. गाणं बसवणाऱ्या साळवेबाईंनी आधीच बजावलं, "जोशीभाऊ, गडबड झाली ना, तर पुढच्या वर्षी फक्त पियानो!"

सगळं नीट झालं. शेवटच्या 'आमेन'ला मात्र भजनाच्या सवयीनं माझ्या हातून तिहाई वाजली. एकच तुकडा तीनदा, मग सम. गाणारेही बिचारे तीनदा 'आमेन' म्हणाले.

बाई जवळ आल्या. मी म्हणालो, "माफ करा."

"काहून? एरवी आमचं आमेन कोणी ओढतं, कोणी आधीच सोडतं. आज सगळे एकदम थांबले. चलो, आता त्या पियानोवाल्यालाही शिकवा!"