साडेसहा नाही, चारच तास

...साडेसहा नाही हो काका, चारच तास! विमान नऊला निघतं नि साडेतीनला उतरतं असं दिसलं की तुम्ही सरळ वजाबाकी केलीत ना — सगळे तेच करतात. उतरायची वेळ तिथल्या घड्याळाची, आणि तिथलं घड्याळ आपल्यापुढे अडीच तास. तीन हजार किलोमीटर, चार तास, संपलं. आमच्या सासूबाईंना किती वेळा समजावलं — पालथ्या घड्यावर पाणी! परतीचं दाखवलं, साडेचारला निघून सहाला इकडे, तर म्हणतात, येताना दीड तास नि जाताना साडेसहा, जाताना रस्ता चुकतात की काय? हसा, हसा. पण अंथरुणाला खिळलेल्या माणसाला साडेसहा तास म्हणजे तीनदा कूस बदलायची, आणि ती बदलणार कोण? मी.

छे, मी कुठली जातेय! एकोणीस वर्षं या खुर्चीत बसून गावाला विमानात बसवलं, स्वतः एकदाही नाही. मुलगी तिकडेच असते माझी. दिवस भरलेत तिचे, आज-उद्या कधीही बाळंत होईल. रोज फोन — आई, कधी येतेस? रोज माझं उत्तर, सीटच नाही गं मिळत. तिकिटं विकणाऱ्या बाईला सीट नाही! आणि ती बिचारी विश्वास ठेवते.

तुम्हाला उद्याचं हवंय ना? थांबा... एकच आहे. म्हणजे आहे पण आणि नाही पण — कुणीतरी धरून ठेवलीय. तिकीट काढायचं नाही, नुसतं नाव घालायचं, दुपारी एकपर्यंत सीट राहते, मग आपोआप सुटते. कोणाचं म्हणजे... आता स्क्रीन तुमच्याकडे वळवून बसलेय मी, वाचलंतच तुम्ही. टेबलावरच्या पाटीवर तेच नाव आहे. हो, माझंच.

दर सोमवारी घालते. एक वाजता सुटते, मी डबा उघडते. आमचे हे म्हणाले होते, जा की, आईचं काय ते बघून जा. बघून जा! म्हणजे नाही म्हणायचं, पण वाईटपणा माझ्या पदरात. नणंदेला विचारलं, तिची कंबर धरली. बाई ठेवली, तर सासूबाईंनी दोन दिवस तिच्या हातचं पाणी घेतलं नाही. तिसऱ्या दिवशी माझा हात धरून म्हणाल्या, तू नसलीस की मला भीती वाटते गं. शिव्या दिल्या असत्या ना, तर गेले असते मी. खरंच गेले असते.

काय? तुम्ही परवा जाल? उद्या मीच जाऊ म्हणता? — नको! उपकार नकोत. ही सीट मोकळी राहिली तर एक वाजेपर्यंत मी त्या घड्याळाकडे बघत बसणार, आणि एक वाजला की पुन्हा तेच. तुम्ही घ्या ती. म्हणजे मुलीला सांगता येईल, शेवटची होती, गेली — आणि निदान आज तरी आई खोटं बोलणार नाही तिच्याशी.

हे बघा, काढलं नाव. पासपोर्ट द्या. खिडकी-बिडकी विचारू नका, मधलीच आहे. तीन तास आधी पोचा. हं, हे घ्या, झालं. आता उठा काका, माझ्याकडे असं बघू नका. कोण आहे पुढचं?