भुतांच्या संध्याकाळचा दगड

संध्याकाळचे पाच वाजले होते आणि मी व क्लबचे सेक्रेटरी चांद्याच्या क्लबच्या बागेत उभे होतो. शनिवारी तिथे साहेबलोकांची ‘भुतांची संध्याकाळ’ होणार होती. मी वार्ताहर; आधीच बातमी छापून यावी म्हणून सेक्रेटरींनी मला तयारी बघायला बोलावलं होतं. झाडांना काळे झगे, कागदी कवट्या आणि मधोमध माणसाएवढा उंच दगड.

“अस्सल माल आहे! जंगलातून लाकडाच्या ट्रकवर आणवला,” सेक्रेटरी म्हणाले.

तेवढ्यात फाटकातून एक माडिया आदिवासी म्हातारा आत आला. दगडाला हात लावून तिथेच बसला.

“भाऊ, हा माह्या लेकाचा दगड हाय. तो मेला तवा गावानं उभा केला. नवा तांदूळ पयले याले देतो, मंगच खातो. औंदा सारं घर थांबून हाय.”

“अरे बाबा, शनिवारपुरता! रविवारी पोचवून देऊ.”

“भुतंच पायजे तर तुमच्या घरचे आणा ना, साहेब. माह्या लेकाले काऊन आणलं?”

सेक्रेटरी माझ्याकडे बघून हसले. मी बातमी छापली, ती या दगडाची. कार्यक्रम मात्र झालाच. दगड अजून क्लबच्या बागेत आहे आणि आता त्याला दिव्याची तार बांधली आहे.