तीन प्लॅटिनमची पिवळी पूड

नाही म्हणजे नाही, भावोजी — आणि आधी त्या टेबलावरचा हात काढा, तिथे काय सांडलंय ते मलाही सांगता यायचं नाही. बसा त्या स्टुलावर. ताईच्या डॉक्टरांनी हात टेकले, कळलं मला. बहीण आहे हो माझी, तुमच्या आधीपासून! पण म्हणून मेव्हणीच्या प्रयोगशाळेतून पिशवीत घालून न्यायचं औषध आहे का हे? ही पिवळी पूड — लांबूनच पाहा — एका रेणूत तीन प्लॅटिनम, मधे कार्बनच्या साखळ्या. जुन्या औषधात प्लॅटिनम एकच. ते कॅन्सरच्या गाठीतल्या पेशीला एका जागी पकडतं, पेशी ती जागा दुरुस्त करते आणि मोकळी. आमचं तीन जागी पकडणार, मग सुटेल कशी? — अशी आपली कल्पना. नऊ वर्षं गेली त्या कल्पनेत. केस पिकले, आणि आईला अजून वाटतं मी दागिन्यांचं काहीतरी करते.

आकडे? हो, आकडे झकास होते. ताई म्हणाली ना? हं. पेशींवरची चाचणी मी नाही करत, वरच्या मजल्यावरची पेशीवाली करते. हुशार बाई, कामाला वाघ. पण जे येईल ते ती एकाच द्रावकात विरघळवते — डीएमएसओ म्हणतात त्याला — चटकन विरघळतं, सगळेच करतात. बाकी औषधांना बहुतेक चालतं. प्लॅटिनमला नाही! तो द्रावक प्लॅटिनमलाच जाऊन चिकटतो, त्याच्यावरचं क्लोरीन हुसकावून लावतो, आणि बघता बघता नळीत दुसराच पदार्थ. हे मला पाठ आहे, मी शिकवते हे! आणि दोन वर्षांत एकदाही विचारलं नाही, बाई गं, कशात विरघळवतेस? आकडे चांगले आले की कोण विचारतं? या मंगळवारी तिची उरलेली नळी सहज आमच्या यंत्रात घातली — प्लॅटिनमच्या शेजारी कोण बसलंय ते त्यात दिसतं — तर आमच्या पदार्थाची खूणच गायब. म्हणजे पेशी मेल्या त्या भलत्याच कशाने तरी. या बाटलीतलं माणसाच्या अंगात काय करतं, ते जगात कुणालाच ठाऊक नाही. मिठाच्या पाण्यात ते जसंच्या तसं राहतं, म्हणून तर ताईला मी —

असं बघू नका माझ्याकडे.

तिनेच मागितलं. तुम्ही बाहेर गेला होतात. म्हणाली, तू केलेलं आहे ना, मग मला कसली भीती? नाही म्हणता आलं नाही हो मला. माझ्या हाताने दिलं, शिरेतून, दोनदा — दुसऱ्यांदा रविवारी. तेव्हा आकडे झकास होते! मंगळवारपासून रोज फोन उचलते आणि ठेवते. घाबरले, भावोजी, सरळ सांगते. तुम्ही दारात दिसलात तेव्हा वाटलं, कळलं यांना — तर तुम्ही तेच मागायला आलेले! ... काय म्हणालात? ताईची बोटं बधिर? कालपासून? आणि लघवी — सकाळपासून झालीच नाही? आणि हे आत्ता सांगताय! नाही, नाही, तुमची काय चूक यात. उठा. गाडी काढा. तिला घेऊन थेट दवाखान्यात, आणि पहिलं वाक्य हेच बोला — प्लॅटिनम दिलंय, शिरेतून, दोनदा. हा कागद घ्या, किती दिलं ते सगळं लिहिलंय. कुणी दिलं विचारतील, माझं नाव सांगा, लपवू नका. थांबा, मी पण येते — नको? ... बरं. नाही येत. जा तुम्ही. जा.