दिल्लीचा वकील दारात

आमी मूळचे कसबा बावड्याचे, साखर कारखान्याच्या मळीचा वास नाकात घेऊनच जन्मलो म्हणा की. मी थोरली, माझ्या पाठचा तात्या, त्याच्या पाठचा दिनू. मी लग्न होऊन पेठ वडगावात आले, ब्लाऊज शिवते, तात्या बावड्यात रान कसतोय आणि दिनू, काय सांगू तुम्हाला, दिल्लीच्या सगळ्यात वरच्या कोर्टात मोठा वकील हाय. खाली हरलेली माणसं त्याच्याकडं जात्यात. नातीच्या मोबाइलवर बघितलं मी त्याला बोलताना. काळा गाऊन, गळ्याला पांढरी पट्टी आणि आवाज असा मऊ, आईला गुळाचा खडा मागताना लावायचा त्योच. तवाच म्हणलं, याला कायतरी पायजे हाय.

वडील गेले आणि तात्या साडी घेऊन आला. आमच्यात रीतच हाय, बहिणीनं रानातला हक्क सोडायचा, सही करायची, साडी घ्यायची, मग माहेर शाबूत. रीत कुणी घातली ते विचारू नका, बहिणीनं घातली न्हाय एवढं खरं. तरी मी सही करणारच होते. माहेर तुटलं तर दिवाळीला जायचं कुठं?

तर दुसऱ्याच आठवड्यात दिनू दारात. विमानानं आलेला. एरवी फोन केला तर त्याचा कारकून बोलायचा, साहेब कामात हायत. आणि आता माझ्या मशीनजवळ स्टुलावर बसून म्हणतोय, अक्का, सही करू नगंस, पोरींच्या हक्कासाठी मी वरच्या कोर्टात भांडलोय, वाटणीचा दावा लाव, तुझी केस मी फुकट लढतो.

फुकट म्हणला आणि मी सुई खाली ठेवली. म्हणलं, त्या केशीत तू पोरींच्या बाजूनं होतास? व्हय की. आणि त्याच्या आधी? म्हणाला, भावांच्या बाजूनं, अक्का, त्यो धंदाच हाय, जो आधी बोलावंल त्याचा वकील. म्हणलं, आणि आता? आता तुझा की. मग वाटणी झाली तर तुझा वाटा? त्यो बी निघंलच की, म्हणाला, रानाला लागून फ्लॅट उठल्यात, तात्या एकटाच खातोय.

मग पडला उजेड. म्हणलं, बरं, कायद्याचं तुझं खरं हाय, माझा हक्क मी सोडत न्हाय. पण तुला दिल्लीत काय कमी हाय? आपण रीत उलटी करू. तू सोड तात्यासाठी. मी तुला धोतरजोडी घेते, चांगली जरीकाठी.

पावणं, एवढा बोलका माणूस, त्यानं पाणी पिलं, घड्याळ बघितलं आणि म्हणाला, अक्का, अभ्यास करून सांगतो, जरा मुदत दे. घरात बी तारीखच मागितली बघा.

आता कुणाचीच सही न्हाय, रानाच्या सातबारा उताऱ्यावर तिघांची नावं हायत. तात्या फुगलाय, पण दिवाळीला न्यायला आला गाडी घेऊन, तोंड पलीकडं करून. मी बी फराळाची पिशवी घेऊन मागं बसले. दिनूला देव उदंड आयुष्य देवो, यश देवो, फक्त परक्यांच्या केशीत.